गुदद्वाराचा कर्करोग : उपचार आणि आयुर्मान यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि भोवतालच्या जिल्ह्यांतून, तसेच छिंदवाडा-बालाघाटकडूनही, जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. आजार दुर्मीळ आहे आणि जागा अशी की घरच्यांशीही बोलणे जड जाते. त्यामुळे ऐकीव माहितीवर मोठे निर्णय घेतले जातात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. आपल्या डॉक्टरांशी नीट बोलता यावे, एवढ्यासाठी ही माहिती आहे. उपचार त्यांच्याच सल्ल्याने करावेत.

१. गुदद्वाराचा कर्करोग म्हणजे मोठ्या आतड्याचा किंवा मलाशयाचाच कर्करोग ना?

नाही, आणि हा फरक उपचाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मलाशय संपल्यानंतर शौचाच्या जागेपर्यंतचा जो सुमारे ३ ते ४ सेंटिमीटरचा शेवटचा भाग असतो, त्याला गुदनलिका म्हणतात. मलाशयाच्या आतले अस्तर ग्रंथींचे असते, तर गुदनलिकेच्या खालच्या भागाचे अस्तर त्वचेच्या जातीचे असते. म्हणून मलाशयात बहुधा ॲडिनोकार्सिनोमा होतो आणि गुदनलिकेत बहुधा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. पहिल्याचा मुख्य उपचार शस्त्रक्रिया आहे, दुसऱ्याचा केमो आणि रेडिएशन. पुढील उत्तरे स्क्वॅमस प्रकाराविषयी आहेत. वेगळ्या प्रकारांसाठी प्रश्न १५ आणि १६ पाहावेत.

२. मला तीन वर्षांपासून मूळव्याध आहे आणि अधूनमधून रक्त पडते. हा कर्करोग तर नसेल?

बहुतेक वेळा नसतो. शौचावाटे रक्त पडण्याचे सर्वात सामान्य कारण मूळव्याध किंवा फिशर हेच आहे. अडचण अशी की या कर्करोगाचेही पहिले लक्षण बहुतेकदा रक्त पडणे हेच असते आणि रुग्ण, घरचे, कधी कधी डॉक्टरही, तपासणी न करता त्याला मूळव्याध म्हणून मोकळे होतात. मग मलम, चूर्ण, पोटात घ्यायची औषधे, कुणीतरी सांगितलेले इंजेक्शन यांत महिने निघून जातात.

पुढीलपैकी काही असेल तर बोटाने आणि प्रॉक्टोस्कोपने (आत पाहण्याच्या छोट्या नळीने) तपासून घ्यावे: हाताला लागणारी कडक गाठ किंवा न भरणारी जखम, सतत दुखणे, शौचाची धार बारीक होणे, शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत आलेले आणि न उतरणारे अवधाण. मूळव्याधीवर तीन-चार आठवडे नीट उपचार करूनही रक्त थांबले नाही, तरी तपासणी हवीच. बोटाने तपासायला एखादे मिनिट लागते. संकोचापायी ते एक मिनिट वर्षभर लांबणीवर टाकू नये, असे आम्ही कळकळीने सांगतो.

३. निदान पक्के कसे होते?

गाठीचा तुकडा काढून केलेल्या बायोप्सीनेच. त्यानंतर आजार किती पसरला आहे हे पाहण्यासाठी ओटीपोटाचा एमआरआय, छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन, आणि शक्य असल्यास पेट-सीटी करतात. जांघेतील संशयास्पद गाठीतून सुईने नमुना घेतात. एचआयव्हीची चाचणी सर्वांनाच सांगितली जाते. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचीही तपासणी करतात, कारण दोन्ही ठिकाणच्या आजाराचे मूळ एकच असू शकते.

गाठ २ सेंटिमीटरपर्यंत असेल तर टी-१, २ ते ५ असेल तर टी-२, ५ पेक्षा मोठी असेल तर टी-३, आणि योनी, मूत्रमार्ग किंवा मूत्राशयात शिरलेली असेल तर टी-४ म्हणतात. आपल्या रिपोर्टवरचा हा आकडा माहीत असू द्यावा. प्रश्न ८ चे उत्तर त्यावरही अवलंबून आहे.

४. हा आजार कशामुळे होतो? आईला झाला आहे आणि नातेवाईक नाही नाही ते बोलतात.

सुमारे ९० टक्के रुग्णांत मुळाशी एचपीव्ही हा विषाणू असतो, त्यातही मुख्यतः १६ क्रमांकाचा. हा विषाणू शरीरसंबंधातून आणि त्या भागातील त्वचेच्या स्पर्शातून पसरतो. तो इतका सर्वत्र आहे की संसारी स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांना आयुष्यात केव्हातरी त्याची लागण होते आणि शरीर बहुधा तो आपोआप घालवते. थोड्यांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे टिकतो आणि त्यांतल्याही थोड्यांना कर्करोग होतो. विवाहापलीकडे कोणताही संबंध नसलेल्या व्यक्तीलाही हा आजार होतो. गुदमैथुन केल्याशिवाय होत नाही, हा समज चुकीचा आहे. धूम्रपान, एचआयव्ही, आणि अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे यांनी धोका वाढतो. आईच्या चारित्र्याची चर्चा करणाऱ्या नातेवाइकांना हे उत्तर वाचायला द्यावे. आजारी माणसाने आजाराबरोबर लाजही वाहावी, हे आम्हाला मान्य नाही.

५. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन नको, केमो आणि लाईट (रेडिएशन) घ्या. गाठ काढून टाकणेच चांगले नाही का?

हा आम्हाला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्यामागची भावना समजण्याजोगी आहे: गाठ अंगात ठेवायची कशाला? पूर्वी तसेच करत असत. गुदद्वार, मलाशय आणि शौच आवरणारे स्नायू सगळे काढून शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लावत.

१९७४ साली अमेरिकेतील डेट्रॉइटचे शल्यविशारद नॉर्मन निग्रो यांनी अवघ्या तीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेआधी गाठ लहान व्हावी म्हणून त्यांनी केमो आणि कमी मात्रेचे रेडिएशन एकत्र दिले होते. ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांच्या काढलेल्या भागात कर्करोग उरलेलाच नव्हता. तयारी म्हणून दिलेल्या औषधानेच काम पूर्ण केले होते. तेथून या आजाराचा उपचार बदलला.

पुढे ब्रिटनमध्ये ५८५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९६ साली आले. नुसते रेडिएशन घेतलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्णांत त्या जागेचा आजार आटोक्यात राहिला नाही. केमो जोडल्यावर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी एका अमेरिकी चाचणीने दाखवले की मायटोमायसिन हे केमोचे औषध वगळले तर चार वर्षांत २२ टक्के रुग्णांना पिशवी लावावी लागते, आणि दिले तर ९ टक्क्यांना. म्हणून ‘रेडिएशन तेवढे द्या, केमो झेपणार नाही’ असे घरच्यांनीच परस्पर ठरवून टाकू नये.

गुदद्वाराच्या बाहेरच्या कडेवरची, २ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि स्नायूंपर्यंत न गेलेली गाठ मात्र सुमारे १ सेंटिमीटर निरोगी कडेसह नुसती कापून काढता येते.

६. उपचार नेमका कसा आणि किती दिवस असतो?

प्रचलित पद्धतीत ५०.४ ग्रे इतके रेडिएशन २८ भागांत विभागून देतात. सोमवार ते शुक्रवार रोज एकदा, म्हणजे साधारण साडेपाच आठवडे. मोठ्या गाठीला मात्रा थोडी वाढवतात. पहिल्या दिवशी शिरेतून मायटोमायसिन देतात, आणि पहिल्या व पाचव्या आठवड्यात ५-फ्लुओरोयुरॅसिल हे औषध चार-चार दिवस सलग सलाईनने चालते. काही ठिकाणी मायटोमायसिनचा दुसरा डोसही देतात. सलाईनऐवजी रेडिएशनच्या दिवशी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या देण्याचीही पद्धत आहे. बाहेरगावच्या रुग्णाला ती सोयीची पडते.

मध्ये खंड पडू देऊ नये. पोळ्याला गावी जाऊन येतो, धान कापून येतो, असे म्हणून आठवडाभर थांबलेले रुग्ण आम्हाला माहीत आहेत. कर्करोगाच्या पेशी त्या सुटीत पुन्हा वाढू लागतात. त्वचा फारच सोलवटली म्हणून डॉक्टरांनी थांबवले तर गोष्ट वेगळी. आपण होऊन थांबू नये.

७. त्रास किती होतो? आमची लाईट ऐन मे महिन्यात चालू होणार आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून त्रास वाढतो आणि उपचार संपल्यानंतरचा एक-दीड आठवडा सर्वात कठीण जातो, हे आधीच माहीत असलेले बरे. जांघेतली आणि मागची कातडी भाजल्यासारखी होते, सोलवटते. लघवीला आग होते, जुलाब लागतात, थकवा येतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, घामाने चिघळणे वाढते, आणि जुलाबात शरीरातले पाणी झपाट्याने उतरते. सैल सुती कपडे घालावेत, शौचानंतर कागदाने न पुसता पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपून घ्यावे, कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीन वेळा बसावे, आणि ओआरएस घरात ठेवावे. रेडिएशनच्या वेळेआधी त्या जागी मलमाचा जाड थर नसावा. सावजी रस्सा आणि तर्री हे दोन महिने बंद. खर्रा तर नकोच, कारण केमोने तोंडात फोड येतात आणि खर्ऱ्याने त्यांची आग असह्य होते.

ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

एक बाब डॉक्टरांना आवर्जून विचारावी. काही जणांच्या शरीरात डीपीडी हे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असते. त्यांना ५-फ्लुओरोयुरॅसिल किंवा कॅपेसिटाबिनच्या नेहमीच्या मात्रेने जिवावर बेतेल इतका त्रास होऊ शकतो. त्यासाठी रक्ताची जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. रेडिएशनचे आयएमआरटी हे तंत्र वापरल्यास आतडी आणि त्वचा यांना कमी झळ लागते.

८. स्पष्ट सांगा, माणूस किती जगतो?

स्पष्टच सांगतो: बहुसंख्य रुग्ण बरे होतात. अमेरिकेतील मोठ्या नोंदणीनुसार आजार त्या जागेपुरताच असेल तर सुमारे ८५ टक्के, शेजारच्या लसीका ग्रंथींत गेला असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास, आणि यकृत किंवा फुप्फुसांपर्यंत पोचला असेल तर ३५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण पाच वर्षांनी हयात असतात. सहाशेहून अधिक रुग्णांच्या ‘आरटीओजी ९८-११’ या अमेरिकी चाचणीत मायटोमायसिनसह केमो-रेडिएशन घेतलेल्यांपैकी ७८ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते. जठर, स्वादुपिंड किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगाशी तुलना केली तर हे आकडे कितीतरी आशादायक आहेत.

मात्र आकडे वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ते परदेशातील आहेत. तिथे निदान बहुधा लवकर होते आणि उपचार अर्धवट सुटत नाही. ते समूहाचे आहेत; ५ सेंटिमीटरहून मोठी गाठ, ग्रंथींत पसरलेला आजार आणि पुरुष असणे यांनी शक्यता काहीशी घटते, तर लहान गाठ आणि वेळेवर पूर्ण केलेला उपचार यांनी वाढते. आणि ‘पाच वर्षे’ ही मोजण्याची सोय आहे, आयुष्याची मर्यादा नव्हे. पाच वर्षांनी काय होणार, असे घाबरून विचारणारे फोन आम्हाला येतात. आजार परत यायचाच असेल तर तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो. त्यानंतर धोका बराच उतरतो.

९. उपचार संपून तीन महिने झाले, गाठ अजून हाताला लागते. आता तरी ऑपरेशन करावे ना?

गाठ लहान होत चालली असेल किंवा जैसे थे असेल, तर बहुधा अजून थांबायचे असते. ही गाठ सावकाश विरघळते. ब्रिटनमधील ९४० रुग्णांच्या ‘ॲक्ट-२’ चाचणीत रुग्णांना उपचार सुरू झाल्यापासून ११, १८ आणि २६ आठवड्यांनी तपासले. ११ आठवड्यांनी ज्यांची गाठ पूर्ण गेलेली नव्हती, त्यांच्यापैकी ७२ टक्के रुग्णांची गाठ २६ आठवड्यांपर्यंत पूर्ण नाहीशी झाली होती. त्यांच्यावर तिसऱ्या महिन्यात शस्त्रक्रिया केली असती तर किती जणांनी विनाकारण गुदद्वार गमावले असते, याचा विचार करावा. म्हणून सुमारे सहा महिन्यांपर्यंत ठरावीक अंतराने तपासणी करत थांबतात.

याला अपवाद एकच: गाठ वाढत असेल तर थांबायचे नाही. बायोप्सी करून पुढचा निर्णय घ्यावा लागतो. उगाच पुन्हा पुन्हा तुकडे मात्र काढू नयेत; रेडिएशन झालेली जखम भरायला फार वेळ घेते.

१०. गाठ परत आली तर? पिशवी कायमची राहते का?

आजार त्याच जागी उरला किंवा परतला, तर गुदद्वार आणि मलाशय काढण्याची शस्त्रक्रिया करतात; तिला एपीआर म्हणतात. तिच्यानंतर पोटावरची पिशवी कायमची असते. तरीही या टप्प्यावर साधारण निम्मे रुग्ण पाच वर्षांहून अधिक जगतात, म्हणजे बरे होण्याची ही खरीखुरी दुसरी संधी आहे. पिशवीच्या भीतीने ती नाकारणाऱ्यांना आम्ही पिशवी असलेल्या माणसांशी बोलायला सांगतो. ती शेती करतात, दुकान सांभाळतात, वारीला जातात.

कधी कधी मोठ्या गाठीने शौचाचा मार्ग बंद होतो आणि उपचाराआधीच पिशवी लावावी लागते. ती पुढे काढता येईल की नाही, हे स्नायू किती वाचले यावर ठरते.

११. यकृतात पसरला आहे. आता काही अर्थ आहे का?

आहे. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही जोडी जुन्या सिस्प्लॅटिन-फ्लुओरोयुरॅसिल जोडीपेक्षा सरस ठरली: २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्मे रुग्ण जिवंत असण्याचा कालावधी १२.३ महिन्यांवरून २० महिन्यांवर गेला. या जोडीला रेटिफॅनलिमॅब हे इम्युनोथेरपीचे, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे, औषध जोडण्यास २०२५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ते महाग आहे. कोणते औषध मिळू शकेल आणि कशाचा किती उपयोग होईल, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून घ्यावे. वेदनाशमनाचा विभाग याच टप्प्यावर जोडून घ्यावा, अखेरच्या दिवसांसाठी राखून ठेवू नये.

१२. मला एचआयव्ही आहे. मला कमी उपचार देतील का?

देऊ नयेत. एआरटी (एचआयव्हीवरची रोजची औषधे) चालू असेल आणि सीडी-४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) बऱ्या असतील तर उपचार इतरांसारखाच पूर्ण देतात. पेशी फार कमी असतील तर केमोच्या मात्रेचा विचार करतात. एआरटी एक दिवसही बंद करू नये.

१३. वडील ७८ वर्षांचे आहेत. त्यांना झेपेल का?

नुसत्या वयावरून ठरवू नये. स्वतः चालणारे-फिरणारे, मूत्रपिंड आणि हृदय बरे असलेले ज्येष्ठ हा उपचार पूर्ण करतात. प्रकृती नाजूक असेल तर केमोची किंवा रेडिएशनची मात्रा कमी करून देता येते.

१४. नागपुरात हे सगळे होते, की मुंबईलाच जावे लागेल? खर्चाचे काय?

केमो आणि रेडिएशन नागपुरात होते. मानेवाडा रस्त्यावरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि मिहानमधील एम्स ही नावे विदर्भातल्या रुग्णांना परिचित आहेत. ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांत निदान झालेले रुग्णही पुढील उपचारासाठी योग्य ठिकाणी पाठवले जातात. रोज सहा आठवडे ये-जा करायची असल्याने गडचिरोली-गोंदियाच्या रुग्णाने राहण्याची सोय आधी लावावी. आमच्या मते शहराच्या नावापेक्षा उपचार अखंड पूर्ण होणे मोलाचे आहे. आजार दुर्मीळ असल्याने शंका असेल तर बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात दाखवून दुसरे मत घेता येते.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि कर्करोगाच्या उपचारांचा त्यात समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटावे, तेही उपचार सुरू होण्यापूर्वी. आधी पैसे भरून मागाहून योजना लावून घेणे फार कठीण जाते.

१५. रिपोर्टमध्ये स्क्वॅमसऐवजी ‘ॲडिनोकार्सिनोमा’ लिहिले आहे. मग वरचे सगळे लागू होते का?

होत नाही. गुदनलिकेतील ॲडिनोकार्सिनोमाचा उपचार मलाशयाच्या कर्करोगासारखा, म्हणजे आधी केमो-रेडिएशन आणि नंतर बहुधा एपीआर, असा करतात, आणि जगण्याचे प्रमाण स्क्वॅमसपेक्षा कमी आहे. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या भगंदरातही क्वचित हाच प्रकार उद्भवतो. भगंदर दहा-पंधरा वर्षे जुने असेल, दोन-तीनदा ऑपरेशन किंवा क्षारसूत्र होऊनही भरत नसेल आणि आता त्यातून चिकट, बुळबुळीत स्राव येत असेल किंवा कडक गाठ झाली असेल, तर त्या मार्गातून बायोप्सी करून घ्यावी. इकडे भगंदराचे जुने रुग्ण पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

१६. आणि ‘मेलानोमा’ आला तर?

हा सर्वात दुर्मीळ आणि सर्वात अवघड प्रकार आहे. गुदद्वाराच्या कर्करोगांत तो १ ते २ टक्केच. तो रक्त गोठलेल्या मूळव्याधीसारखा दिसतो आणि काही गाठी काळ्या नसतातच, त्यामुळे चकवा बसतो. केमो-रेडिएशनने तो स्क्वॅमससारखा विरघळत नाही. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण जुन्या नोंदींत २० टक्क्यांच्या खाली आहे. संपूर्ण गुदद्वार काढणाऱ्या शस्त्रक्रियेने, नुसती गाठ रुंद कडेसह काढण्यापेक्षा, आयुष्य वाढल्याचे दिसलेले नाही. म्हणून शक्य असेल तेथे लहान शस्त्रक्रियेचा विचार करतात. निव्होलुमॅब, इपिलिमुमॅब यांसारख्या इम्युनोथेरपीच्या औषधांनी काही रुग्णांत आजार बराच काळ आटोक्यात राहतो.

१७. मूळव्याधीचे ऑपरेशन झाले आणि काढलेल्या भागाच्या रिपोर्टमध्ये अचानक कर्करोग निघाला. सगळे निघून गेले ना?

तसे गृहीत धरू नये. रिपोर्टमध्ये गाठीचा आकार, खोली आणि कापलेल्या कडा निरोगी आहेत की नाहीत हे पाहून घ्यावे. लिहिलेले नसेल तर पॅथॉलॉजिस्टकडून लिहून घ्यावे. प्रश्न ३ मधील तपासण्या तरीही पूर्ण कराव्या लागतात. अगदी लहान, वरवरची गाठ स्वच्छ कडांसह निघाली असेल तर नुसती देखरेख पुरते. कडा स्वच्छ नसतील तर बहुधा केमो-रेडिएशन लागते. मूळव्याधीचे काढलेले मांस तपासणीला पाठवलेच नाही, असेही होते. ते पाठवण्याचा आग्रह रुग्णाने ऑपरेशनआधीच धरावा.

१८. उपचारानंतर वैवाहिक जीवन आणि मूल होणे यांवर परिणाम होतो का? विचारायला लाज वाटते.

होतो, आणि उपचार सुरू होण्याआधीच विचारायला हवे, कारण नंतर काही गोष्टी हातातून जातात. ओटीपोटाच्या रेडिएशनने तरुण स्त्रियांची पाळी कायमची बंद होऊ शकते आणि गर्भाशय गर्भ धरण्याजोगे राहत नाही; स्त्रीबीजे किंवा गर्भ गोठवून ठेवणे, अंडाशय रेडिएशनच्या क्षेत्राबाहेर सरकवणे असे पर्याय असतात. पुरुषांनी वीर्य गोठवून ठेवावे. योनीमार्ग आकसू नये म्हणून जखमा भरल्यावर डायलेटर (मार्ग रुंद ठेवण्याचे गुळगुळीत साधन) नियमित वापरायला सांगतात. पुरुषांत ताठरतेची अडचण येऊ शकते आणि तिच्यावर औषधे आहेत. पुरुष डॉक्टरांना विचारणे अवघड वाटत असेल तर रेडिएशन विभागातील परिचारिकेला विचारावे.

१९. घरातल्या मुलामुलींना एचपीव्हीची लस द्यावी का? झालेल्या रुग्णाला तिचा उपयोग आहे का?

मुलामुलींना जरूर द्यावी, साधारण ९ ते १४ या वयात, म्हणजे विषाणूशी गाठ पडण्याआधी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ पासून उपलब्ध आहे आणि ती १६ क्रमांकाच्या विषाणूवर चालते. झालेला कर्करोग मात्र लसीने बरा होत नाही.

२०. बरे झाल्यावर किती वर्षे दाखवायला यावे? मधेच रक्त दिसले तर?

पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, नंतर सहा ते बारा महिन्यांनी, अशी किमान पाच वर्षे तपासणी असते. तीत बोटाने तपासणे, प्रॉक्टोस्कोपी आणि जांघ चाचपून पाहणे येते. पहिली तीन वर्षे स्कॅनही करतात. रेडिएशननंतर त्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या नाजूक होतात, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी थोडे रक्त दिसणे म्हणजे आजार परतलाच असे नसते. पण ते कशाचे आहे हे घरबसल्या ठरवता येत नाही. पुढच्या तारखेची वाट न पाहता, ज्या डॉक्टरांनी आधीची जागा पाहिली आहे त्यांनाच दाखवावे, कारण तिच्यातला बदल त्यांना सर्वात आधी ओळखू येतो.